तयार मुलगा, लाभपाचमच्या आत

१८ सप्टेंबर, सोमवार

मानाच्या पदाचा खरा खर्च लिहून ठेवतो. सफारी, कापड धरून साडेतीन हजार. शिंप्याने पोटाचं माप दोनदा घेतलं, त्याचे वेगळे लावले नाहीत. भागीदारांच्या अकरा घरी पेढे, अडीच हजार. दात पांढरे करून घेतले, आठशे. रंभाला साडी, कारण "तुम्ही नटणार आणि मी काय भांडी घासणार?", एकवीसशे. एकूण आठ हजार नऊशे. अजून एकाही पोराला मी एक प्रश्न विचारलेला नाही.

पद असं. राजकोटबाहेरच्या नव्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाची चाळीस मुलं आहेत. ती कामाच्या जगाला तयार आहेत का, हे उद्योगातल्या माणसाने तपासायचं. वैयक्तिक तयारी पन्नास मार्क, व्यावसायिक तयारी पन्नास. खाली शिक्का. तिथल्या प्लेसमेंटच्या मुख्य मांकडबेन स्वतः मोरबीला आल्या. म्हणाल्या, "वशरामभाई, तुमच्या फॅक्टरीत माणसं निवडायचं काम तुमच्याकडे असतं असं ऐकलं." म्हटलं, बेन, बरोबर ऐकलंत. टाइलच्या धंद्यात आम्ही बारा घरं भागीदार. कुणी भट्टी सांभाळतो, कुणी माती, कुणी विक्री. मी माणसं. शिक्षण दहावी नापास. पण माणूस दारातून आत आला की किती महिने टिकेल ते चहा यायच्या आत सांगतो. अठरा वर्षांत चुकलो नाही.

बेन खूष.

आतली गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. भागीदारांच्या गेल्या मीटिंगला ठाकरशीभाईने ठराव आणला. या लाभपाचमला, म्हणजे दिवाळीनंतर वह्या उघडतील त्या दिवशी, प्रत्येक घराने आपल्या खुर्चीवर शिकलेला, तयार मुलगा बसवायचा. ज्या घरात तसा मुलगा नाही, त्याचा भाग बाकीच्यांनी वाजवी भावात घ्यायचा. बारा हात वर गेले. सगळ्यांत आधी माझा. कारण मौलिक. माझा मुलगा त्याच विद्यापीठात, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात. त्याच्या तयारीवर विद्यापीठाचा शिक्का घ्यायचा आणि ठाकरशीभाईच्या टेबलावर ठेवायचा. बस.

मौलिक माझा, हे मांकडबेनना सांगितलं नाही. निष्पक्षपणा.

तंबाखूचा मावा आजपासून बंद. परीक्षकाच्या तोंडात शोभत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मौलिकला फोन करून बातमी दिली. गप्प. इतका गप्प की मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही नका ना येऊ." का रे? "लोक काय म्हणतील." बावीस वर्षांचा पोरगा, आणि वशिल्याचा डाग लागू नये याची बापापेक्षा जास्त काळजी!

शेवटी म्हणाला, "मला तुमच्याशी बोलायचंय एकदा." नेमका तेव्हा कंटेनर भरत होता, हमाल ओरडत होते. म्हटलं, दोन मिनिटांत सांग. म्हणाला, "दोन मिनिटांत नाही होणार." म्हटलं, मग दिवाळीनंतर निवांत.

दुपारी एक मावा. कंटेनरचं टेन्शन होतं. तो धरत नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

पहिली फेरी. घरी गाडी असून एसटीने गेलो. यात तत्त्व आहे. राजकोटच्या स्टँडवर मोरबीच्या फलाटावर उतरायचं आणि माणसं वाचत चालायचं. हा नोकरीवर चाललाय. हा घरी भांडून आलाय. हिला सासरी परत जायचं नाही. पेपरपेक्षा बरं, आणि फुकट.

यादी पाहिली. चाळीस नावं, मौलिकचं नाही. क्षणभर चमकलो. मग उलगडलं. मांकडबेननी आडनाव बघितलं असणार आणि बापलेकाची गाठ नको म्हणून त्याला वेगळ्या यादीत ठेवलं असणार. हुशार बाई. मीही विचारलं नाही. समजूतदार माणसांत अशा गोष्टी न बोलता होतात.

विद्यापीठाचा फॉर्म वाचला. चौसष्ट प्रश्न. 'गटात काम करताना मला स्वतःच्या भावना ओळखता येतात: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही.' एका मुलाने चौसष्टच्या चौसष्ट ठिकाणी 'सांगता येत नाही'वर खूण केली होती. तेवढा एक खरं बोलत असावा. मांकडबेनना म्हटलं, यातून कागद कळतो, माणूस नाही कळत. मी माझी पद्धत बनवतो. म्हणाल्या, "बनवा, पण लेखी द्या."

संकल्प: पद्धत लेखी द्यायची. याच आठवड्यात.

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. मौलिक घरी आला. बारीक झालाय. अभ्यास. रंभाने बाजरीचा रोटला, भरीत, वर लोण्याचा गोळा वाढला, त्याने अर्धा रोटला खाल्ला. जेवताना मी त्याला माझी पद्धत समजावली, अजून कागदावर आलेली नाही पण डोक्यात पक्की आहे. दीड तास. मध्ये एक शब्द बोलला नाही. असा श्रोता भागीदारांतसुद्धा नाही.

नंतर माझ्या कानांनी काम केलं. मी झोपाळ्यावर डोळे मिटून होतो. स्वयंपाकघरात कुजबुज. तो: "मम्मी, तू सांग ना त्यांना." रंभा: "मी नाही बाबा. तुझं तू सांग." तो: "ते ऐकतात कुठे." रंभा: "हळू बोल, जागे असतील."

जागाच होतो. भट्टीच्या आवाजात वीस वर्षं काढून हे कान शाबूत आहेत, विसरले दोघं. अर्थ सरळ आहे. मुलगी. बहुधा वर्गातली. आपल्यातली असली तर प्रश्न मिटला. नसली तर मी थोडा आवाज करीन आणि मग हो म्हणेन. आवाज किती करायचा तेही ठरवून ठेवलंय.

निघताना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. म्हणाला, "पुस्तकं घ्यायची नाहीयेत." पहिल्या वर्षी सारखा मागायचा. आता खोलीचं भाडं आणि डबा सोडला तर दीड वर्षात एक रुपया नाही. फी शिष्यवृत्तीत बसली. मी हे मीटिंगला सांगितलं होतं, तेव्हा ठाकरशीभाई नुसता हसला. जळतो.

९ ऑक्टोबर, सोमवार

पहिली कसोटी: वक्तशीरपणा. चाळीसही मुलांना सकाळी सातला गेटवर बोलावलं होतं. कोण येतो, कसल्या तोंडाने येतो, ते बघायचं.

साडेपाचच्या एसटीचं टायर वाटेत टंकाऱ्याला बसलं. मी आठ वीसला पोचलो. वॉचमन म्हणाला, "काका, एकतीस पोरं आलेली. अर्धा तास थांबली आणि तुम्हाला शिव्या घालून गेली." विचारलं, शिव्या आधी कुणी घातल्या? नेतृत्वाचे मार्क तिथेच देता आले असते. त्याला नाव माहीत नव्हतं.

कसोटी रद्द. मूळ कल्पना बरोबर होती.

मावा दोन. टायर.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

मांकडबेननी पद्धत मागायला बोलावलं. पद्धत तयार नव्हती, म्हणून विषय बदलायला म्हटलं, बेन, आता लपवून काय, मौलिक कासुंद्रा माझा मुलगा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. उठून दार लावलं. म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीच विषय काढलात. वशरामभाई, मौलिकबद्दल मला तुमच्याशी…" मी हात वर केला. दार लावून काय बोलतात ते मला कळतं. आयुष्यभर व्यवहार लावलेल्या दारांमागेच केलेत. म्हटलं, बेन, एक शब्द बोलू नका. मुलींच्या बाथरूमची फरशी मी येताना पाहिली. दोन हजार फूट माल पाठवतो. पहिल्या प्रतीचा, पाय न घसरणारा.

म्हणाल्या, "अहो टाइल्सचं नाही, ऐका तरी."

म्हटलं, बरं, भिंतींनाही देतो.

त्यांनी कपाळाला हात लावला. शिकलेल्या माणसाला मागायला फार जड जातं. मीच समजून घेतलं म्हणून.

१६ ऑक्टोबर, सोमवार

माल पाठवला. ड्रायव्हरने मांकडबेनच्या ऑफिससमोरच उतरवला म्हणे, आता दार अर्धंच उघडतं. सकाळपासून बेनचे तीन फोन. आभाराचे फोन मी घेत नाही.

आणि पद्धत लिहून झाली! गरब्याच्या लाउडस्पीकरमध्येसुद्धा एका बैठकीत. युक्ती साधी आहे. तयारी तयारी म्हणजे काय, हे पुस्तकात शोधण्यापेक्षा एक तयार मुलगा समोर ठेवायचा आणि त्याच्यात जे दिसेल त्याला मार्क लावायचे. मौलिक समोर ठेवला. खात्री करायला त्याच्या खोलीच्या मालकीणबाई, लाभुमासी, त्यांना फोन लावला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

वक्तशीरपणा, वीस मार्क. (मासी: "साडेआठला डबा घेऊन बाहेर, संध्याकाळी सहाला परत. घड्याळ लावून घ्या. रविवारीसुद्धा." रविवारीसुद्धा!)

मोजकं बोलणं, दहा. ("दोन-दोन दिवस आवाज नाही ऐकू येत त्याचा.")

नको ती संगत नसणं, दहा. ("संगत? कुणी फिरकतसुद्धा नाही हो.")

मोबाइलचं वेड नसणं, दहा. (हे मला स्वतःला माहीत आहे. कधीही लावा, बंद.)

जागून काम करायची ताकद, दहा. ("दिवा पहाटेपर्यंत चालू असतो. आत येरझारा घालतो, पावलं ऐकू येतात." पाठांतर.)

बाकीचे चाळीस प्रत्यक्ष मुलाखतीत.

शेवटी मासी म्हणाल्या, "भाई, एकदा येऊन जा. पोरगं गुणी आहे. पण एकदा येऊन जा तुम्ही." भाडं वाढवायचा विचार दिसतोय. गेलो नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

ठाकरशीभाई चहाला आला. त्याचा भाचा बंगळुरूहून कोर्स करून आलाय, तो खुर्चीवर बसणार. मला म्हणाला, "वशराम, तुझा मौलिक काय म्हणतो? येणार ना लाभपाचमला?" म्हटलं, शिक्क्यासकट येणार. म्हणाला, "वा. वा." बशीत चहा ओतला आणि बराच वेळ फुंकत बसला. चहा गार होता. माणूस घाबरला की असं करतो.

३० ऑक्टोबर, सोमवार

मुलाखती. अडतीस मुलं आली, दोन आलीच नाहीत, त्यांचे शिक्का मारलेले कोरे फॉर्म माझ्या फाइलीत राहिले. मी आणि मांकडबेन. प्रश्न मीच विचारले, मध्ये मध्ये उत्तरंही मीच दिली, वेळ वाचतो.

पाच वर्षांनी कुठे असाल? बावीस जण कॅनडात. एक म्हणाला, "काका, तुमच्या इथे पगार किती ते आधी सांगा, मग पाच वर्षांचं बोलू." त्याला सहा मार्क जास्त द्यावेसे वाटले आणि सहा कमी दिले. एकाने वडिलांना फोन लावून विचारलं.

आजवरची एक चूक सांगा. चौदा जणांची चूक एकच निघाली: 'मी कामात स्वतःला विसरतो.' एकाच सरांचे विद्यार्थी.

मग एक मुलगी आली, ध्रुवी भालोडिया, मेकॅनिकल. आवाज बारीक. म्हणाली, "आमच्या वर्गात एक मुलगा होता. दुसऱ्या वर्षी त्याचं यायचं बंद झालं. गेल्या उन्हाळ्यात मला तो बसमधून दिसला, स्टँडवर बसलेला, मांडीवर डबा. मला उतरून जायला हवं होतं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नाही उतरले. ती माझी चूक."

म्हटलं, बेटा, येत नाही ही त्याची चूक. तुझी कशी?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, तुमचं आडनाव कासुंद्रा ना?"

म्हटलं, हो, आणि इथे ओळखीचा काही उपयोग नाही. मांकडबेन खिडकीबाहेर बघायला लागल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाखतीत रडणं, आणखी पाच वजा. वैयक्तिक अठरा, व्यावसायिक नऊ. शेरा: दुसऱ्यांच्या भानगडीत लक्ष, स्वतःच्या कामात नाही.

निघताना बेन म्हणाल्या, "आज पाच मिनिटं द्याच मला." म्हटलं, बेन, निकालाच्या आधी परीक्षक आणि मुलाचा बाप यांनी तुमच्याशी बोलणं बरं नाही, आणि ते दोघंही मीच आहे. शेवटची एसटी पकडली.

संकल्प: मौलिकला मात्र मार्क देताना हात आखडता घ्यायचा. पंच्याण्णवच्या वर जायचं नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी ४, राजकोट

समारोप. हॉल भरलेला. सफारीचं एक बटण तुटलं, बाकी ठीक. मी भाषणात सांगितलं, तयारी कशाला म्हणतात हे ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघा. वेगळ्या यादीतला एक मुलगा आता वर येईल. आणि नाव पुकारलं. मौलिक वशराम कासुंद्रा.

कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मागे कुणीतरी हसलं. शेजारच्याने त्याला गप्प केलं. ते गप्प करणं मला जास्त ऐकू आलं.

मांकडबेननी मला कोपराला धरून बाहेर नेलं. दाराशी टाइल्सच्या पेट्या होत्या, त्यावर बसवलं. पाणी दिलं. म्हणाल्या, वेगळी यादी वगैरे काही नाही. पहिल्या वर्षाचे चार विषय राहिले, दोनदा संधी दिली, दोन्ही वेळा बसला नाही. दुसऱ्या वर्षीच नाव कमी झालं. घरी कळवलं होतं, पण पालकांचा म्हणून दिलेला नंबर त्याचाच होता. "तुम्ही मौलिकचे वडील हे मला त्या दिवशी तुमच्याकडूनच कळलं. तेव्हापासून सांगतेय, वशरामभाई."

म्हटलं, यादीत चूक असेल. फॅक्टरीतही होतात.

म्हणाल्या, "हं."

७ नोव्हेंबर, मंगळवार, मोरबी

काल लिहिता आलं नाही. नीट लिहून ठेवतो.

विद्यापीठातून रिक्षाने थेट लाभुमासींकडे. मासी म्हणाल्या, "कॉलेजला गेलाय की." खोली दाखवली. चादर ताठ, पुस्तकं पहिल्या वर्षाची, वर धूळ नाही. रोज पुसत असणार. बूट दाराशी एका रेषेत. म्हटलं, मासी, कॉलेजात नाहीये तो. मासी म्हणाल्या, "मला काय माहीत, भाई. मी तर डबा भरते."

तिथून स्टँड. आणि इथे नजर कामाला आली. मोरबीच्या फलाटावर, दिवाळीची गर्दी, दोनशे माणसं असतील, त्यात पाठमोरा ओळखला. गेलो, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, चल घरी. दुसरा बाप असता तर पोलिसात गेला असता. रंभाला, शेजारी, लाभुमासींना फोनवर, सगळ्यांना हे सांगितलं.

बसमध्ये तो बोलला. मी खरंच मध्ये काही बोललो नाही. साडेआठला निघायचं. आधी दोन महिने बागेत बसायचा, तिथल्या माळ्याने विचारायला सुरुवात केली. स्टँडवर कुणी विचारत नाही, सगळेच बसलेले असतात. एक वाजता डबा. मोरबीची गाडी लागली की उठायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन बसायचा. दीड वर्ष. विचारलं, चढला का नाहीस? म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं, आज लवकर कसा."

नंतर म्हणाला, "तुम्ही चार वेळा त्याच फलाटावर उतरलात." टंकारा आलं तेव्हा. मी खिडकी बंद केली. वारा होता.

आणि मुलगी वगैरे कुणी नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार, धनतेरस

मौलिक झोपतो. रंभाने राजकोटच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, आधी झोप आणि जेवण, बाकीचं मग, आणि घाई करू नका. घाई नाही म्हणतात, लाभपाचम आठ दिवसांवर आलीय.

रंभाला सगळं माहीत होतं. गेल्या वर्षी साताठमच्या, गोकुळाष्टमीच्या सुट्टीत त्याने सांगितलं होतं तिला. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "सहा वेळा सुरुवात केली. दोनदा तुम्ही मला फॅक्टरी कशी उभी केलीत ते सांगितलंत. एकदा झोप लागली तुम्हाला. बाकीच्या वेळी फोन आले." मी म्हटलं, फोन धंद्याचे असतात. म्हणाली, "हो ना."

पण डोकं चालतंय. फाइलीत दोन कोरे फॉर्म आहेत, शिक्का मारलेले. आज मुहूर्ताला एक भरला. मौलिकचा. वैयक्तिक सत्तेचाळीस, व्यावसायिक सेहेचाळीस. पंच्याण्णवच्या आतच ठेवले. पदवी उन्हाळ्यात यायची आहे म्हणायचं, तोवर हा कागद. खुर्चीवर एकदा बसला की कोण उठवतंय. काम येतंच. मला कुठे येत होतं?

त्याला दाखवला. पलंगावर बसून पूर्ण वाचला. म्हणाला, "वक्तशीरपणा, वीसपैकी वीस." मग तोंडावर हात धरला, खांदे हलत होते. हसतोय की काय ते कळेना. रंभा आली आणि तिने कागद त्याच्या हातातून काढून मला दिला. म्हणाली, "बाहेर जा जरा."

१४ नोव्हेंबर, मंगळवार, नवं वर्ष

लोक पाया पडायला, गळाभेटीला. मौलिक खोलीत. सांगितलं, परीक्षा आहे. कुणी काही विचारलं नाही. आधी मला वाटलं, चांगलं पटलं. नंतर वाटलं, फारच लवकर पटलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार, लाभपाचम

मुहूर्त सव्वानऊचा. सफारी घातली. मौलिक आला नाही. सकाळी उठून अंघोळ करून बाहेर आला होता, तयारही झाला होता. पायरीवर बसून एका पायात बूट चढवला आणि तसाच बसून राहिला. मी गाडी चालू करून हॉर्न वाजवला. रंभाने गाडीजवळ येऊन सांगितलं, "तुम्ही जा."

वह्यांची पूजा झाली. मुलं खुर्च्यांवर बसली, ठाकरशीभाईच्या भाच्याने पहिला आकडा लिहिला. मी फॉर्म काढला, पुढे केला, म्हटलं, प्रकृतीमुळे आज येऊ शकला नाही, पण हे बघा.

ठाकरशीभाईने हातात घेतला नाही. म्हणाला, "ठेव तो खिशात, वशराम. माझा भाचा आधी त्याच्याच वर्गात होता, मग बंगळुरूला गेला. दीड वर्ष झालं आम्हाला माहीत होऊन."

म्हटलं, मग हा ठराव?

म्हणाला, "ठराव सगळ्यांसाठी होता. हात तूच आधी वर केलास."

मी टेबलाभोवती बघितलं. कुणी पेढ्याचा कागद सोडवत होतं, कुणी मोबाइल. माणसं वाचायचं काम माझं. दीड वर्ष या टेबलावर दर महिन्याला चहा प्यायलो.

भाव वाजवी लावला, त्यात खोट काढता येणार नाही. सही केली. माझं काम राजकोटच्या एका एजन्सीला देणार आहेत. त्यांच्याकडे फॉर्म आहे म्हणे. जाताना वॉचमनने सलाम केला, नेहमीसारखा. त्याला अजून सांगितलेलं नसावं.

घरी आलो. मौलिक ओट्याशी उभा राहून शेंगा सोलत होता. एका पायात मोजा तसाच. मी सांगितलं, भाग गेला. तो म्हणाला, "माझ्यामुळे." मग मीही शेंगा सोलायला बसलो. तो सोलतो त्या अख्ख्या निघतात. माझ्या तुटत होत्या. अर्ध्या तासाने म्हणाला, "पप्पा, मला इतक्यात काही विचारू नका. मी सांगेन." म्हटलं, बरं. म्हणाला, "आणि मी सांगेन तेव्हा बसा." म्हटलं, बसतो.

दुपारी शेजारचे जयंतीभाई आले, भागाचं कळलं होतं त्यांना. वातावरण जड झालं तेव्हा रंभाला म्हणाले, "ताई, पण वशरामभाईंची नजर मानली पाहिजे. दोनशे माणसांत पाठमोरा पोरगा ओळखला!" रंभाने माझ्याकडे बघितलं. मौलिक ओट्यापाशीच होता. शेंगा सोलत राहिला.

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी स्टँडवर मी त्याच्या समोरून गेलो होतो. मोरबीच्या गाडीत चढलो, खिडकीशी बसलो, तिकीट काढलं. एकट्याचं. कंडक्टरने घंटी मारली. तेव्हा खिडकीखालून हाक आली, "पप्पा."